औषधाचा वास

पाणीपुरवठ्यात नोकरी लागली की माणसाला गावात स्वतःचं नाव उरत नाही. मला सगळे 'फिल्टरवाले' म्हणतात. मंडईत, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत. एकदा तर स्मशानात एका शोकाकुल गृहस्थांनी डोळे पुसता पुसता विचारलं, "फिल्टरवाले, आमच्या आळीला आज पाणी किती वाजता?" मी वेळ सांगितली. त्यांनी मान हलवली, घड्याळ पाहिलं आणि पुन्हा डोळ्यांना रुमाल लावला.

आमचं गाव कृष्णाकाठचं. कागदोपत्री शहर, 'ब' वर्ग नगरपरिषद, पण एस.टी. स्टँडवर शिंकलेलं पेठेत ऐकू जातं. नदीत जॅकवेल, टेकाडावर फिल्टर हाऊस आणि गावात चार उंच टाक्या. दिवसाला १ कोटी लिटर पाणी नदीतून उचलायचं, त्यातला चिखल काढायचा, औषध मारायचं आणि टाक्यांत चढवून द्यायचं, एवढंच आमचं काम. पुढचा कारभार पाणी सोडणाऱ्याच्या हातात. त्याच्या खांद्यावरची ती लांब लोखंडी चावी बघितली की नगराध्यक्षसुद्धा सायकलवरून उतरून त्याची विचारपूस करतात. निवडून यायचं तर व्हॉल्व्ह कुणाच्या बाजूला किती आटे फिरतो हे माहीत असावं लागतं.

आणि मग तक्रार वही. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, सुतळीनं बांधलेलं पेन. पेन नेहमी वाळलेलं, त्यामुळे लिहायला येणारा माणूस आधी कोपऱ्यात गोल गोल रेघा ओढतो आणि तेवढ्यात त्याचा निम्मा राग उतरतो. नवीन पेन घ्या असं लेखापाल अधूनमधून सुचवतात. मी घेत नाही.

त्या वहीत सर्वांत जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे 'पाण्याला औषधाचा वास येतो.' नवा होतो तेव्हा हे वाचून मी ओशाळायचो. पुढे कळलं की आमच्या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. भारतीय मानक सांगतं, ग्राहकाच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं. म्हणजे वाटेत कुठं जंतू भेटलाच तर त्याला अडवायला कुणीतरी जागं असावं. आता पाईपलाईनच्या शेवटच्या टोकाला, माळावरच्या वस्तीत, ०.२ उरायचं असेल तर टाकीच्या पायथ्याशी ते बरंच जास्त असणार. तेव्हा टाकीजवळच्या वकिलांनी वासाची तक्रार लिहिली की मी माळावरच्या लोकांच्या वतीनं समाधानाचा सुस्कारा टाकतो. वकिलांना हे एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी आपण वास का घ्यायचा, असा मुद्दा त्यांनी काढला. कायद्यात त्याला उत्तर असेल, माझ्याकडे नव्हतं.

माझा खरा कान मात्र स्तुतीकडे असतो. एका उन्हाळ्यात पेठेतले एक आजोबा मुद्दाम टेकाड चढून आले, कट्ट्यावर बसले, धाप शमल्यावर म्हणाले, "फिल्टरवाले, गेला आठवडाभर पाणी कसं गोड लागतंय. औषधाचा मागमूस नाही. असंच ठेवा." चहा मागवून मी त्यांना ऑपरेटरच्या ताब्यात दिलं आणि क्लोरीन तपासायची पेटी घेऊन मोटरसायकलला किक मारली. त्यांच्या आळीत पहिल्या नळाचं पाणी फिकट पिवळं झालं. दुसऱ्याचं त्याहून फिकट. त्यांच्या घरच्या नळाचं पाणी बाटलीत घेतलं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब सोडले, बाटली उजेडाकडे धरली. पाणी होतं तसंच. पिवळा रंग नाही म्हणजे क्लोरीन नाही आणि क्लोरीन नाही म्हणजे वाटेत कुणीतरी त्याला खाल्लंय. मुकादमानं गटारावरची फरशी उचलली. गटारातून आडवा गेलेला, आजोबांच्याही आधीचा वाटावा असा एक लोखंडी पाईप, मध्यभागी चाळणी झालेला. पाणी चालू असताना तो गटारात गळायचा. पाणी बंद झालं आणि कुणी नळाला मोटर लावून उरलंसुरलं ओढायला लागलं की गटार त्याच्यात गळायचं. त्यातली गोडी मी आजोबांना सविस्तर सांगितली नाही. पाईप बदलला, लाईन धुतली, औषध वाढवलं. दोन दिवसांनी आजोबांची वहीत नोंद, सुवाच्य मोडी वळणाच्या अक्षरात: 'पूर्ववत वास सुरू झाला आहे. खेद वाटतो.'

मला तरी ती नोंद कापून फ्रेम करावीशी वाटली होती.

लोकांची नाकं हे आमचं सर्वांत स्वस्त उपकरण आहे आणि ते कधी दुरुस्तीला पाठवावं लागत नाही. मे महिन्यात नदी आटून डबकी उरतात, शेवाळ माजतं आणि वहीत नोंद येते, 'पाण्याला मातीचा वास.' हा वास जिऑस्मिन नावाच्या द्रव्याचा. काही शेवाळी आणि मातीतले जंतू ते तयार करतात. त्याचा विषबाधेशी संबंध नाही, क्लोरीनला ते दाद देत नाही आणि लिटरभर पाण्यात एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग असला तरी माणसाचं नाक ते पकडतं. गंमत अशी की मृगाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीतून जो सुगंध येतो, ज्यावर आमच्या गावातल्या तीन कवींची गुजराण चालते, त्यात हेच जिऑस्मिन असतं. त्या तिघांपैकी एकांनी मे महिन्यात नळाच्या मातकट वासाबद्दल वहीत कडक शब्दांत लिहिलं आणि जून महिन्यात त्याच वासावर कविता छापली. दोन्ही मजकूर मी वाचले. तक्रार जास्त चांगली उतरली होती.

स्वयंपाकघरातून येणाऱ्या तक्रारी तर प्रयोगशाळेच्या तोडीच्या. 'तूरडाळ शिजेना' म्हणजे पाण्याचा जडपणा वाढलाय. नदी कमी पडली म्हणून कुठल्यातरी भागात बोअरचं पाणी मिसळलं जातंय. 'कोरा चहा काळाठिक्कर होतो' म्हणजे पाण्यात लोह, बहुधा तेही बोअरचंच. 'नळातून दूध येतंय' अशी घाबरीघुबरी नोंद आली की आम्ही निर्धास्त. काचेच्या पेल्यात पाणी धरा आणि थांबा म्हणायचं. पांढरटपणा तळाकडून वर वर निवळत गेला तर ती हवा, पाईपात दाबाखाली विरघळलेली. गाळ असता तर उलट झालं असतं, वरून निवळून तळाशी बसला असता. एवढं ज्ञान फोनवरून दिलं की पलीकडच्या वहिनी हमखास म्हणतात, "मग हवेचं बिल का लावता?"

शिळ्या पाण्याच्या बाबतीत मात्र मी हार मानली आहे. आमच्याकडे पाणी एकाआड एक दिवस. पाणी आलं रे आलं की घरोघरी पहिलं काम काय, तर भरलेले हंडे, कळश्या, पिंप मोरीत उपडी करायची. परवाचं पाणी शिळं. हे ताजं. आता हे ताजं पाणी म्हणजे गेल्या आषाढात सह्याद्रीवर पडलेलं, धोम-कोयनेत आठ-दहा महिने पडून राहिलेलं, नदीतून आमच्याकडे आलेलं, आमच्या गाळाच्या टाकीत दोन-अडीच तास बसलेलं आणि मग उंच टाकीत मुक्काम केलेलं. त्याच्या वयात घरातल्या दोन रात्रींनी काय भर पडणार? उलट उघड्या भांड्यात रात्रभर राहिलं की क्लोरीन उडून जातो आणि वास निघून जातो. म्हणजे ज्यांना वास नको त्यांनी नेमकं शिळं पाणीच प्यायला हवं. एका मत्स्यप्रेमी शिक्षकांचे गोल्डफिश नळाच्या ताज्या पाण्यानं दगावले तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं. आता ते माशांना शिळं पाणी देतात आणि स्वतः ताजं पितात.

कराडजवळच्या मलकापूरनं मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. नळाला पाणी कायम असलं की साठवायचं कारण उरत नाही, मोटर लावायची गरज उरत नाही आणि पाईप सतत दाबाखाली राहिल्यानं गटाराची आत यायची हिंमत होत नाही. आमच्या सभेत हा विषय दर वर्षी येतो. मीटर या शब्दापाशी सभेचं कामकाज तहकूब होतं.

या नोकरीतला खरा सण म्हणजे तांबडं पाणी. मे अखेरीला पाच-दहा एनटीयूवर रेंगाळणारा गढूळपणा जूनमधल्या पहिल्या लोंढ्याबरोबर एका रात्रीत पाचशेच्या वर उडी मारतो आणि नळाला मात्र तो एकच्या आत हवा. रात्री अडीचला ऑपरेटरचा फोन येतो. आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, फोनवर एकच वाक्य बोलतात, "आली." नदीला ते नाव घेऊन हाक मारत नाहीत. त्यांच्या पिढीतली माणसं बायकोचंही नाव घेत नाहीत.

मग जार टेस्ट. सहा बीकरमध्ये लिटर लिटर तांबडं पाणी, प्रत्येकात तुरटीचं द्रावण चढत्या मापानं. वर सहा पाती एका सुरात फिरतात, आधी मिनिटभर जोरात, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी संथ. बघत बसावं. आधी काहीच घडत नाही. नुसता चिखल गरगरत असतो. मग चौथ्या बीकरमध्ये पाणी नासलेल्या दुधासारखं फाटायला लागतं. बारीक बारीक पुंजके, त्यांच्या मधून पलीकडची भिंत दिसायला लागते. पुंजके एकमेकांना चिकटून जड होतात, पाती थांबली की डुलत डुलत खाली बसतात. चिखलाच्या कणांवर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटी त्यांच्यातलं वैर मिटवते. सहाव्या बीकरलाही चांगलं पाणी मिळतं, पण चौथ्यात भागत असेल तर सहाव्याचे पैसे लेखापाल विचारतात. लिटरला ५० मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ५०० किलो तुरटी. पन्नास किलोची दहा पोती रोज.

मामा जार टेस्ट करत नाहीत. ओंजळीत पाणी घेतात, दिव्याखाली धरतात, बोटांत चोळतात आणि आकडा सांगतात. तांबड्या पाण्याला त्यांचा आकडा चुकलेला मी पाहिला नाही. पण एका श्रावणात संततधार लागली, पाणी फार गढूळही नव्हतं, मामांनी आकडा दिला आणि पुंजके काही धरेनात. मामांनी तुरटीच्या ठेकेदाराचा उद्धार केला. मी पाणी तपासलं तर त्यातली क्षारता घसरली होती. निव्वळ पावसाचं पाणी अंगानं हलकं, तुरटीला त्यात धरायला काही नसतं. थोडी चुन्याची निवळी घातली आणि अर्ध्या तासात टाकी फाटली. मामा काठावर उभे होते. म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

तुरटीनं सोडलेलं वाळू पकडते. फिल्टरची वाळू म्हणजे चाळणी, असा सर्वांचा समज असतो. माझाही होता. प्रत्यक्षात जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरच्या त्या दाण्यांमधल्या फटी जंतूंच्या मानानं वेशीचे दरवाजे आहेत. कण अडकत नाहीत, वाळूला चिकटतात, पाऊणेक मीटर खोल वाळूतून वळणं घेत जाताना कुठं ना कुठं. चिकटून चिकटून वाळूचा थर, म्हणजे बेड, तुंबला की तो धुवायचा. हे काम आम्ही रात्री काढतो, कारण दिवसा केलं तर पाणी वाया घालवता म्हणून वहीत नोंद येते. आधी पाण्याची पातळी उतरवायची. मग ब्लोअर. खालून हवा सुटते आणि शांत पडलेला बेड एकाएकी उसळायला लागतो, काठापासून काठापर्यंत. मग खालून पाणी. तांबूस काळी धार पन्हाळीत कोसळते, कच्च्या चिखलाचा आणि तळ्याचा वास उठतो, हातातली बॅटरी मारली तर आत काहीच दिसत नाही. दहाएक मिनिटांनी पहिल्यांदा वाळूचा पृष्ठभाग दिसतो, ढवळून पुन्हा सपाट होत असलेला. मामा तेव्हा तंबाखूची पुडी सोडतात. त्यापूर्वी कधी नाही. काठावर तंबाखू मळायला माझी बंदी आहे आणि बेड धुताना मी काठावरच असतो, हे त्यांना माहीत असतं. तरी सोडतात.

क्लोरीनच्या खोलीबद्दल मी थट्टा करत नाही. तिथं ९०० किलो क्लोरीनचे टनर निजलेले असतात. आमच्या डोसाला एक टनर दीड महिना पुरतो. हा वायू हवेच्या अडीचपट जड, गळला तर जमिनीलगत पसरतो. म्हणून दाराशी अमोनियाची बाटली. जोडावर तिची वाफ धरली आणि पांढरा धूर दिसला तर गळती तिथं. म्हणून छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारं कापडी निशाण. पळायचं तर वाऱ्याच्या तोंडाकडे आणि उंचावर. नव्या माणसाला पगारपत्रकावर सही करायच्या आधी हे पाठ म्हणायला लावतो.

महापुरात वही कोरी राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. अशा वेळी काठावरची जॅकवेल पंपांसकट पाण्याखाली जातात, वीज तोडावी लागते आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या गावाला बाहेरून टँकर येतात. पूर ओसरल्यावर पंपाच्या मोटरी काढून वाळवायला लागतात आणि पहिल्यांदा पाणी सुटतं त्या दिवशी औषधाचं प्रमाण आम्ही हात सैल सोडून वाढवतो. त्या दिवसांत वासाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दोनेक आठवड्यांनी वकिलांची नोंद येते आणि आम्हाला कळतं, गाव सावरलं.

याच कृष्णेचं पाणी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, ५ लाख लिटर. लातूरच्या स्टेशनात ती पोचली तेव्हा लोक बघायला जमले होते. मी हिशेब केला. ५ लाख लिटर म्हणजे आमच्या प्लांटचं सव्वा तासाचंही नीट नाही. सव्वा तास पंप बंद राहिला तर आमच्याकडेही लोक जमतात, फक्त भाव वेगळा असतो.

वकिलांना काहीही वाटो, लोकांना न विचारता पाण्यात औषध घालायची परंपरा आम्ही सुरू केलेली नाही. १९०८ साली अमेरिकेत डॉ. जॉन लील यांनी जर्सी सिटीच्या बुंटन जलाशयातून येणाऱ्या पाण्यात ब्लीचिंग पावडर मिसळायला सुरुवात केली, नगराची परवानगी न घेता. पाण्याच्या दर्जावरून कंपनी आणि नगर यांच्यात आधीच कोर्टकज्जा चालू होता. तिथं उलटतपासणीत त्यांना विचारलं गेलं की हे पाणी तुम्ही आपल्या घरच्यांना द्याल का. त्यांनी बेलाशक हो म्हटलं. निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि बघता बघता इतर गावांनीही तो कित्ता गिरवला. मी ही हकिकत वकिलांना सांगितली. त्यांनी निकालपत्राची प्रत मागितली आहे.

घरच्यांचं म्हणाल तर आमच्या घरी गेल्या मे महिन्यात पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा विक्रेता आला. टाय, घाम, बॅग. सौभाग्यवतींनी त्याला पंख्याखाली बसवलं. त्यानं एका पेल्यात आमच्या नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं, दोन्हींत धातूच्या कांड्या सोडल्या आणि प्लग लावला. मिनिटाभरात आमचं पाणी हिरवट, मग तपकिरी आणि मग अगदी बघवेना असं झालं. त्याचं पाणी जसंच्या तसं. "हे तुम्ही रोज पिता मॅडम," तो दुःखानं म्हणाला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेत माझी सगळी नोकरी होती.

मी चिमूटभर मीठ मागवलं. त्याच्या पेल्यात टाकलं, ढवळलं, कांड्या पुन्हा सोडायला सांगितल्या. थोड्याच वेळात त्याचंही पाणी तपकिरी, वर फेस. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडीच विरघळून गंजते, तो चोथा कांडीचा, पाण्याचा नव्हे, असं मी त्याला सावकाश सांगितलं. त्याच्या पाण्यातून क्षार काढलेले, म्हणून वीज वाहत नव्हती, एवढंच.

तो जराही ओशाळला नाही. कांड्या पुसल्या, बॅगेत घातल्या. सौभाग्यवतींनी दिलेलं तांब्याभर नळाचं पाणी उन्हाचं म्हणून घटाघटा प्यायला.

"सर, आपण कुठं असता?"

"फिल्टर हाऊसला."

त्यानं खिशातून डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"तिकडं स्टाफ किती आहे?"